सर्जन-अवकाशात पंखे चालू आहेत

कलेला मोकळी जागा लागते, हे जगातल्या समद्या शहाण्या माणसांना मान्य हाय. लातुरात मोकळी जागा दिसली की तिथं पोरं अभ्यासाला बसतात, हे मात्र शहाण्या माणसांना कुणी सांगितलेलं न्हाई.

सदर सर्जन-अवकाशाचा शोध मी लावला. (शोध म्हणजे, भर उन्हात स्कूटीला सावली बघत होतो.) गुंडप्पा शेठच्या बंद पडलेल्या डाळ मिलचं गोदाम. दारावर पाटी : 'स्थानिक कलावंतांसाठी मुक्त सर्जन-अवकाश. प्रवेश विनामूल्य.' आत डोकावलो तर शंभरेक कलावंत खाली माना घालून बसलेले. एवढी शांतता आमच्याकडं मयतीलाबी नसते. कलेची ही तपश्चर्या बघून मला भरून आलं. दाराजवळच्या एका पोरीला अदबीनं विचारलं, "बाई, आपली कला कोणती?"

"काका, हळू बोला," ती म्हणाली. "मानवी प्रजनन चालू हाय. उद्या टेस्ट हाय."

समदे नीटवाले, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे होते. ह्यात त्यांची काही चूक न्हाई. पंखा, थंड पाणी, स्वच्छ संडास अन् फुकट, ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की लातुरात ती जागा आपोआप अभ्यासिका होते. ठराव लागत न्हाई. (मागं एका मंगल कार्यालयात लग्नाच्या आधीच तीन पोरांनी खुर्च्या धरल्या होत्या. वऱ्हाड उभं राहिलं. पोरं जेवूनच उठली.)

माझ्या पाहणीनुसार हॉलमधी नव्याण्णव टक्के जीवशास्त्र अन् एक टक्का कला होती. ही एक टक्का कला पाण्याच्या कूलरच्या अन् चपलांच्या मधी बसलेली होती. तिचं नाव उमाशंकर. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला अन् हा रिकामा झाला. आता धा फुटी कापडावर लातूरची गोल बाजारपेठ, गंजगोलाई, काढत होता. गोलाईला फुटणारे सोळा रस्ते, त्यातले अकरा झाले होते. घर दोन खोल्यांचं. बायको जगदेवी म्हणाली होती, "एक तर हे ठेवा, न्हाईतर आमाला ठेवा." म्हणून तो इथं आला.

"मन्मथअप्पा," तो मला म्हणाला, "रविवारी गुंडप्पा शेठ बघायला येणार हायत. कलावंत दिसले तर हॉल कलावंतांचा. न्हाईतर पाटी बदलून अभ्यासिका. मग हे कुठं नेऊ? गुंडाळलं की रंग तडकतो."

"पोरांना उठा म्हण की."

"म्हणलो. तर म्हणाली, काका, तुमच्या ब्रशाचा आवाज येलालाय."

लातुरात अभ्यासाला बसलेल्या पोराला उठवणं कायद्यात बसतं, पण समाजात बसत न्हाई. त्याला उठवायचा हक्क फक्त आईला. म्हणून मी फाटकाजवळ डबा घेऊन थांबलेल्या राजकन्याताईंना गाठलं. पोरीच्या नीटसाठी नवऱ्याला जळकोटात ठेवून त्या इथं खोली करून राहिलेल्या. मी आवाज बारीक केला. "ताई, कुणाला बोलू नका. मागच्या साली ह्या हॉलमधी बसलेल्या एकाचाबी नंबर लागलेला न्हाई. खुर्च्यांची तोंडं दक्षिणेला हायत म्हणे."

(हे विधान शंभर टक्के खरं होतं. मागच्या साली हॉलच नव्हता.)

ताईंनी कुणालाच सांगितलं न्हाई, त्यामुळं शनिवारपर्यंत हॉल रिकामा झाला.

रविवारी मी कलावंत जमवले. रेणापूरहून सरजाबाई वाकळ शिवायला आल्या. मुदखेडहून एक बासरीवाला आला. (त्याची पुढची गाडी चुकली होती.) गुंडप्पा शेठ चित्रापुढं लई वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यात आमचं दुकान कुठाय?"

उमाशंकरनं दाखवलं.

"अन् शेजारच्याचं एवढं मोठं?"

"ते जवळ हाय, मालक. जवळचं मोठं दिसतं."

"आमी काय लांबचे हाव का?"

उमाशंकरनं तिथल्या तिथं दुकान दोन बोटं वाढवलं. शेठ खूश झाले. हॉल कायमचा कलावंतांना दिला. आमी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेठच्या सूनबाई त्यांच्या कानाला लागल्या : चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला जास्तीचे मार्क मिळतात.

सोमवारपासून सर्जन-अवकाशात कला फाउंडेशन बॅच सुरू झाली. पुढच्या रांगेत राजकन्याताई, धाकट्या पोरीला घेऊन.

"ताई, इथं नंबर लागत न्हाई ना?" मी म्हणलो.

"ते जीवशास्त्राला. चित्रकलेला दक्षिण चांगली असते."

शिक्षण अत्यंत शास्त्रोक्त आहे. गंजगोलाईचे सोळा घटक पाडलेत. त्यातले चार रस्ते महत्त्वाचे, बाकीचे ऑप्शनला. दर शनिवारी टेस्ट. एका पोरीनं रस्त्यावर आपल्या मनानं एक बकरी काढली. तिचे मार्क कापले अन् पालकांना बोलावून घेतलं. शंभर पोरं आता डोळे झाकून तीच गोलाई काढतात, अन् समद्यांच्या गोलाईत गुंडप्पा शेठचं दुकान सगळ्यात मोठं. इतके कलावंत एका छताखाली मराठवाड्यात दुसरीकडं नसतील.

उमाशंकर आता उमाशंकर सर झालाय. गळ्यात माईक, अंगात पांढरा सदरा, सदऱ्यावर रंगाचा एक डाग न्हाई. मूळ चित्र फळ्याच्या आड यायला लागलं म्हणून गुंडाळून घरी माळ्यावर टाकलंय. जगदेवीची आता तक्रार न्हाई, नवरा सर झालाय.

परवा दोन बॅचच्या मधी तो बाहेर चहाला आला.

"राहिलेल्या पाच रस्त्यांचं काय?" मी विचारलं.

"ते ऑप्शनला टाकलेत, अप्पा." तो हसला. मग कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "तुमच्या नजरंत एखादी जागा हाय का? पंखा नसला तरी चालंल. नसलेलीच बघा."

जागा मी बघून ठेवलीय. पत्रा तापतो, पाणी न्हाई, पण चित्र मावतंय. पत्ता मात्र तुमाला सांगणार न्हाई. उमाशंकरसाठी तुमचा जीव हळहळला, हे मला मान्य. पण मधीच कुठंतरी, 'जास्तीचे मार्क म्हणजे नेमके किती?' असं तुमच्या मनात येऊन गेलं.

न्हाई म्हणता? बरं, ऱ्हायलं. पोरगं कितवीला हाय, तेवढं सांगा.