रंध्याला साजूक तूप

"असं कपाट करतो का, पार बेसा गावापासून लोकं पाहाले येतीन!" थंडी पडल्यापडल्या देवराव सुतारानं साऱ्या गल्लीला सांगून टाकलं.

कपाट लेकीच्या, प्रेमिलाच्या लग्नासाठी होतं. कोराडीच्या वीज केंद्रातला श्रीधर तिला पाहून गेला होता. पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच! पण तेवढ्यानं हात बांधून बसेल तर तो देवराव कसला! लकडगंजातून त्यानं सागवानाच्या फळ्या आणल्या आणि इतवारीतून नवा कोरा लोखंडी रंधा.

तिथंच घोडं अडलं. बापाच्या वेळचा लाकडी रंधा वर्षानुवर्षं तेल पिऊन असा गुळगुळीत झाला होता, की फळीवर मांजरीच्या पावलांनी चालायचा. हा नवा फळीला चिकटून बसायचा आणि ढकलला की असा किंचाळायचा, की समोरच्या इंदूबाईंची शेळी दावं तोडून पळायची!

"तळाले काही चोपडा ना!" कौसल्या, त्याची बायको, कावून म्हणाली.

"काय चोपडावं, तेच तर पाहून राहिलो! गंमत आहे का?"

रॉकेल लावलं, ते लगेच उडून गेलं आणि वास तेवढा उरला. मेणबत्ती घासली. रंधा सुसाट धावला! पण त्या फळीच्या तुकड्यावर पॉलिशचा बोळा फिरवला, तर पॉलिश तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखं सैरावैरा! शेवटी कौसल्या नळावर गेलेली पाहून देवरावची नजर फडताळातल्या बरणीवर गेली. पारशिवनीहून तिच्या भावानं पाठवलेलं गाईचं तूप! पोळीवर पसरतं, मग लोखंडावर का नाही पसरणार? त्यानं ते पातळ केलं आणि रंध्याला सढळ हातानं पाजलं.

वा! काय चालला रंधा! तुपाळलेल्या छिलप्यांचा ढीग पडला. कौसल्या आली आणि तिनं तो ढीग उचलून सरळ अंघोळीच्या बंबात घातला.

त्या काळी गल्लीत कोणाकडे काय फोडणीला पडलं, हे चारी घरांना कळायचं. हा तर साजूक तुपाचा वास!

"काहून वं कौसल्या, काय तळून राहिली?" इंदूबाईंनी विचारलं.

"काही नाही वं. पाणी तापवून राहिली."

"पाण्याले तुपाचा वास! सांगू नको, सांगायचं नसन तं!"

कौसल्या लपवते म्हणजे काही तरी शुभ आहे, हे इंदूबाईंनी ताडलं. त्यांनी आपल्या नवऱ्याला, रुपरावांना, देवरावकडे पिटाळलं. देवराव रंध्यावर वाकलेला.

"जमलं म्हणते गा, देवराव!"

"जमलं म्हणजे? लोण्यासारखं जमलं!"

"कुठचा आहे?"

"इतवारीचा! काळा आहे, पण वजनदार!"

"अन् राहीन कुठं?"

"कुठं म्हणजे? आता इथंच, माह्या घरात!"

रुपराव थक्क होऊन परतले. दुपारपर्यंत गल्लीभर झालं: प्रेमिलाला इतवारीचा काळा, वजनदार घरजावई मिळाला! शेजारच्या सिंधूताई तर हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. आणि इंदूबाईंचा भाऊ नत्थू कोराडीला श्रीधरच्याच पाळीत होता. तो जेवायला आला, बातमी ऐकली आणि तसाच ड्युटीवर गेला.

दिवस कलताना एक सायकल दारात येऊन आदळली. श्रीधर! अंगभर राख, धापा टाकत. मागे सारी गल्ली.

"जयभीम, मामाजी. तो... कुठं आहे?"

"कोण गा?"

"इतवारीचा."

देवरावची छाती फुगली. एवढ्या लांबून माणूस रंधा पाहायला आला! "हा घ्या! हातात घेऊन पाहा!"

श्रीधरनं भांबावून हात पुढे केले. तुपानं माखलेला रंधा माशासारखा सुळकन निसटला आणि त्याच्या पायावर पडला!

मग सगळं बाहेर आलं. कौसल्या बरणी उलटी धरून ओरडत होती, "माह्या भावाचं तूप! रंध्याले पाजलं या माणसानं!" गल्ली पोट धरून हसत होती. आणि श्रीधर अंगठा चोळत म्हणाला, "मामाजी, माह्याकून तर पहिल्याच दिवशी हो होतं! घरचे म्हणे, जरा थांबू."

"पाहा!" देवराव गरजला. "तुपानं लगन जमवलं!"

"मले इचारलं का कोणी?"

दारात प्रेमिला उभी होती. आवाज चढलेला नव्हता. "यांनी इतके दिवस कळवलं नाही. आता मी 'कळवतो'."

गल्लीनं वाट करून दिली. श्रीधर लंगडत सायकलवर बसला.

पण रविवारी तो पुन्हा आला. "फळ्या पाहाले आलो," म्हणाला. तुपामुळे पॉलिश धरेना, म्हणून सोड्याच्या गरम पाण्यानं फळ्या घासायच्या होत्या. त्यानं बाह्या वर केल्या. मग दर रविवारी येऊ लागला. प्रेमिला आतून चहा पाठवायची. बोलायची नाही.

फळ्या स्वच्छ झाल्या, पण रंधा पुन्हा किंचाळू लागला. श्रीधर घामाघूम होऊन तो ढकलत होता. एवढ्यात प्रेमिला स्वतः बाहेर आली आणि वाटीत बुडवलेला कापडाचा बोळा त्याच्यासमोर ठेवला.

"जवसाचं तेल आहे. जराकसंच लावा. नाही तर आपलं कपाट काही होत नाही चैतापर्यंत."

देवरावचा हात थांबला. आतून कौसल्यानं दाराशी डोकं काढलं. समोरच्या ओसरीवर इंदूबाईंचं सूप हवेतच राहिलं. 'आपलं' म्हणाली ती, 'आपलं'!

श्रीधरनं मात्र तेल लावलं, मान खाली घालून अख्खी फळी रंधून काढली, घाम पुसला, आणि मग दचकून विचारलं, "मामाजी, आता त्या काय म्हणाल्या गा?"