मजकूर मागून

आमच्या शेजारच्या नागनाथअप्पांच्या हातात लग्नपत्रिका दिली, की ते ती वाचत नाहीत, हुंगतात. मग भिंग काढून डिंक, घडी, कडा तपासतात. माझ्या मुलीची पत्रिका तपासून म्हणाले, "मास्तर, ह्या पाकिटावर आधी दुसऱ्याचं नाव व्हतं." नेमकं खरं होतं, म्हणून मला राग जास्त आला. एवढं करून तारीख वाचली नाही ती नाहीच. लग्नाला आले दुसऱ्या दिवशी, आणि मांडव सोडणाऱ्यांबरोबर उरलेली बुंदी खाऊन गेले.

अप्पांची उभी हयात पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. पार्सल न फोडता, नुसत्या शिवणीवरून आणि डागांवरून आत काय आहे ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. रिटायर झाल्यावर मोबाईलवर त्यांना ज्यू लोकांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांचे फोटो सापडले आणि आमच्या गल्लीचं सुख संपलं. हिब्रूचं एक अक्षर येत नाही, शिकायचंही नाही. चामडं कुठल्या जनावराचं, रेघा कशानं ओढल्या, कुठल्या ओळीला लिहिणाऱ्याचा हात थकला, एवढंच बघायचं आणि दिसेल त्याला धरून सांगायचं. आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माझ्यासारख्याला हा निव्वळ येडपटपणा वाटायचा. तसं तोंडावर म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मजकूर मागून. आधी कातडं. वाचणारे लय हायेत, बघणारं कोन न्हाई."

त्यांच्या बायको गिरिजाबाई रोज दुपारी एका वहीत अभंग उतरवून घ्यायच्या. हे महाशय तिथंच बसून मोबाईलमधलं कातडं बघायचे. पुढे बाईंच्या हातापायांची थरथर वाढत गेली, अंथरूण धरलं, आणि गेल्या वर्षी त्या वारल्या.

जीर्ण पोथ्या-वह्या आमच्याकडे गोदावरीत सोडतात. अप्पांची सून बाईंच्या पोथ्या घेऊन त्यासाठी गंगाखेडला निघाली, पण अप्पा अभंगांची वही देईनात. समजूत घालायला तिनं मला आत पाठवलं. चार शब्द सुनावायची संधी आली म्हणून मी खुशीतच गेलो.

अप्पा वहीवर भिंग धरून बसले होते.

"हे बघा, मास्तर. हितं शाई घसरलीय. हात कापायलाय तिचा. वहीतलं मधलंच पान हाय हे, तिला दवाखान्यात नेलं लय मागून. दोन हजार वर्षांमागच्या मान्साचा हात थकला ते मी वळखलं, अन् घरातला..."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "आता वाचा. माझ्यानं वाचवंना."

मी अभंग मोठ्यानं वाचला. त्याच्याखाली बारीक अक्षरात बाईंनी लिहिलं होतं: 'हात कापायलाय. यांना सांगायचं न्हाई. पोथ्या बघायलेत.'

ते मी मनातच वाचलं आणि वही मिटली. "एवढंच आहे," मी म्हणालो.

अप्पांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. पार्सल न फोडता कळतंय मला."

मी बाहेर येऊन सुनेला म्हणालो, बाकीचं घेऊन जा पोरी, वही घरातच राहील.