राखेचा ओटा

पेणचे मूर्तिकार शिवाकाका यांचा ओल्या वस्तूवर जन्मात विश्वास नव्हता. प्लास्टर कालवावं, साच्यात ओतावं आणि चहा संपेस्तोवर ते टणक व्हावं, अशी चाळीस वर्षांची सवय. त्यामुळे पुतणी मनस्वीने कारखान्यापुढचा, गणपती टेम्पोत चढवायचा ओटा राखमिश्रित सिमेंटने बांधायला घेतला, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"राखेनं भांडी घासतात गो, ओटे नाय बांधत!"

"काका, वीजकेंद्राची राख नायतरी फुकटच जाते. ती मिसळली की सिमेंट कमी लागतं, भट्टीत कोळसा कमी जळतो, गोणीमागं पैसे वाचतात. खाडीच्या खाऱ्या हवेतपण टिकतं. फक्त घट्ट व्हायला वेळ घेतं. हात लावायचा नाय!"

आठ दिवसांनी शेजारच्या जिते गावच्या सरपंच चंद्रावतीताई ओटा बघायला येणार होत्या. पसंत पडला तर मासळी बाजाराचे ओटे मनस्वीकडे. तिचं पहिलंच मोठं काम. पोर तोंडघशी पडू नये म्हणून काकांनी, ती जेवायला गेलेली बघून, ओट्यावर अंगठा दाबला. उमटला. काळजी वाढली. मग वजन तरी पेलतो का ते बघायला कडेला स्टूल ठेवून ते वर बसले. स्टुलाचे पाय दोन बोटं आत गेले. उपटावं तर ओटाच उखडायचा, म्हणून काकांनी ते तसंच ठेवलं.

तेव्हापासून मनस्वी पाणी मारायला आली की काका लगबगीने स्टुलावर, लुंगी पसरून. गणपतीच्या डोळ्यांची आखणी तिथेच, जेवणाचं ताटही तिथेच.

"ओटा आवडला वाटतं!" मनस्वीला भरून आलं.

"व्हय गो, लय आवडला."

चंद्रावतीताई आल्या. "काका, उठा जरा, ओटा बघू दे."

"बसूनच बरा दिसतो, ताई."

शेवटी काका उठले. स्टूल उठलं नाही. मनस्वीचा चेहरा उतरला.

"चूक माझी हाय," काकांनी कबूल केलं. "पोरीचं काम पक्कं हाय, ताई. माझाच धीर कच्चा."

ताईंनी पदर खोचून स्टुलाला हिसडा दिला. ढिम्म. मग ताईंसोबत आलेल्या काळुराम गवंड्याने पहार लावली. कडकन मोडला तो स्टुलाचा पाय. ओट्याचा टवकाही उडाला नाही.

ताईंनी घाम पुसला. "मनस्वी, बाजाराचं काम तुझं. पण एक अट हाय."

"काय, ताई?"

"ओटे घट्ट होईस्तोवर काकांना जित्याला आणायचं नाय."