तनुजानं गाडी तपासली

दगडोबांची जुनी कार सुरू होत नव्हती आणि शेजारच्या गावात अंगदची म्हैस अडली होती. वासराचा एक पाय बाहेर, बाकी सगळं आत. अंगदचे फोनवर फोन येत होते. दगडोबांची सून तनुजा मुखेडला जनावरांची डॉक्टर. तिची स्कूटी घेऊन नवरा सुदर्शन देगलूरला गेला होता, म्हणून सगळी भिस्त आता या कारवर होती.

"थंडी बाधलीय गाडीला," दगडोबांनी निदान केलं आणि बॉनेटवर गोधडी टाकली. कारनं नुसतंच कण्हून दाखवलं.

शेजारचा मल्लेश म्हणाला, "बॅटरीच हाय काका, दुसरं काय न्हाई." त्यानं आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणली. कार जोरात कण्हली, एवढाच फरक. मग किराणावाला बालाजी दुकान उघडं टाकून आला. त्यानं चोक ओढून इतक्यांदा रेस दाबली, की गल्लीभर पेट्रोलचा वास सुटला.

"आता काडी कोणी ओढू नका," दगडोबांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी दारातूनच बजावलं.

शेवटी मल्लेश स्टिअरिंगवर बसला आणि बाकीच्यांनी मिळून ढकलली. उतारावर ती धडधडत सुरू झाली, पण मल्लेशनं रेसवरचा पाय जरा सैल केला की अंगात आल्यासारखी हलायची.

तेवढ्यात तनुजा बॅग घेऊन बाहेर आली.

"मामा, हे कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून. सकाळी लई छळती."

"आणि दिवसा?"

"दिवसा सुरू होती, पण उभी केली की धडधड. पळताना गुमान ऱ्हाती."

"चोक ओढला की?"

"तेवढ्यापुरती बरी."

"हवा जास्त घेऊन राहिली असंल मग," असं म्हणत तनुजानं गोधडी काढून बॉनेट उघडलं आणि बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. बालाजी हसला. "वैनी, ती म्हैस न्हाई."

"म्हैस तरी कुठं बोलती, भाऊजी? गप्प ऱ्हावा जरा."

फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवत तिनं एकेक रबरी नळी ऐकली. एका नळीपाशी ती थबकली. सुस्स! तिथं टोकाशी नळी तडकली होती. तिनं त्या चिरेवर बोट दाबलं आणि थरथर जागच्या जागी थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. दाबलं, थांबली. बालाजीचं हसू केव्हाच विरलं होतं.

"चुलीला वारा जास्त लागला की जाळ धरत न्हाई, तसं झालंय हे."

गाडी बंद करून तिनं चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी घट्ट बसवली आणि हात पुसले. "चला मामा, लवकर!"

दगडोबांनी उतारावरच सुरू करून गाडी हाणली. रस्ता असा, की खड्ड्यांच्या दणक्यात इंजिनाचा आवाज कुणाला ऐकू येणार?

अंगदच्या गोठ्यात तनुजा खांद्यापर्यंत हात घालून घामाघूम झाली, पण वासरू जिवंत बाहेर आलं. म्हैस त्याला चाटायला लागली तेव्हा अंगदनं हात जोडले.

इकडं दगडोबा परत निघायच्या तयारीनं गाडीत बसले. चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली तर नुसतंच कर्रर्र! "पुन्हा बसली की वं!" ते खाली उतरले. अंगदसह पाचसहा जण गाडीला मागून भिडले. शेताच्या बांधापर्यंत ढकलून सगळ्यांना दम लागला.

हात धुवून तनुजा आली. "मामा, ढकलून का राहिले? चालूच हाय की गाडी! चालू गाडीला पुन्हा चावी मारली की करकरतीच."

सगळे थबकले. दगडोबांनी बॉनेटवर कान टेकला. बराच वेळ टेकला. मग ताठ उभे राहिले.

"जाऊ नका कोणी. एकेक जण या, कान लावा."

अंगदनं कान लावला.

"येतंय काही ऐकू?"

"न्हाई, काका."

"हाव!" दगडोबांनी छाती फुगवली. "हे माझ्या सुनेनं केलंय! हं, पुढचा कोण?"