कार्डाची मागची बाजू

मास्तरांच्या मते गावात इंग्रजी येणारी माणसं दोनच होती, आणि त्यातला दुसरा वारला होता.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, मास्तर शब्द धरून बसले. कुठल्या इंग्रजी शब्दाचा पूर्वी काय अर्थ होता आणि आज त्याचं काय होऊन बसलंय, ते एका शब्दाला एक कार्ड असं अकरा वर्षं लिहीत राहिले. बुटांची खोकी भरली, पलंगाखालची जागा संपली. मास्तरीणबाई काही सांगायला आल्या की मान खालीच ठेवून "हं" म्हणायचे. त्या "हं"ला काही अर्थ नसतो, हे बाईंना पहिल्याच वर्षी कळलं होतं.

शेवटी एक छापखाना पुस्तक काढायला तयार झाला. मास्तरांनी तिथल्या टाइप करणाऱ्या ऑपरेटर बाईंना बजावलं, "कार्डावर जे जे आहे ते सगळं घ्यायचं. एक अक्षर गाळायचं नाही. अक्कल चालवायची नाही."

बाईंनी अक्कल चालवली नाही.

प्रूफं निघाली त्या दिवशी मास्तरांना छापखान्यात बोलावून मालकांनी घड्याळ दाखवलं. "पाचला मशीन सुरू करतो. तोवर खुणा करून द्या, नाहीतर आहे तसं छापणार. उद्यापासून शाळेच्या वह्या छपाईला लागतायत, मग वर्षभर पुस्तकाचं नाव काढू नका."

"मला दोन तास पुरे," मास्तर म्हणाले आणि लाल पेन उघडून आधी मधलीच पानं चाळली.

'नाइस : पूर्वीचा अर्थ मूर्ख, अडाणी. उद्या गॅसवाला येणार आहे, घरी थांबा.'

मास्तरांनी चष्मा पुसला.

'सिली : मूळ अर्थ सुखी, धन्य. मागच्या खोलीचं छत गळतंय. हे तिसऱ्यांदा लिहितेय.'

"अहो बाई, हा काय चावटपणा आहे?" मास्तर कडाडले.

ऑपरेटर बाईंनी शांतपणे एक कार्ड उलटं करून पुढे धरलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आणि अक्षर मास्तरीणबाईंचं होतं. "तुम्हीच म्हणालात, सगळं घ्या. मला वाटलं, ही उदाहरणं असतील."

मास्तरांनी खोकं ओढून भराभर कार्डं उलटली. एकूण एक, सगळी भरलेली. हा माणूस कार्डांतून डोकं काढत नाही ना, मग कार्डावरच लिहू, असा हिशेब मास्तरीणबाईंनी केला असणार. पण कार्ड उलटून बघायचं असतं, हे त्या विद्वानाला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

आता खोडायचं किती? पानापानावर तेच.

'गर्ल : पूर्वी मुलगा असो, मुलगी असो, कुठलंही पोर. धाकटीला नोकरी लागली. तिचं कौतुक करा.' मास्तर मागच्याच आठवड्यात धाकटीला विचारत होते, परीक्षा कधी आहे म्हणून. तिचं तोंड का पडलं ते आत्ता कळलं.

'मीट : पूर्वी कोणतंही अन्न. कालची भाजी खारट होती. मुद्दाम केली होती. तुम्ही दोनदा घेतलीत.'

मास्तर चिडचिड करत, स्वतःशी बडबडत, रेघा मारत डब्ल्यूपर्यंत पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते, आणि अजून निम्मी पानं नुसती चाळून पुढे ढकललेली होती.

'वाइफ : पूर्वी कोणतीही बाई, लग्न झालेली असो वा नसो. मी भावाकडे जातेय. अडवलंत तर थांबेन.'

पेन हातातच राहिलं. मास्तरांनी घरी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. प्रूफं टेबलावर, टोपी खुंटीवर, आणि मास्तर रस्त्यावर. बस मिळाली नाही, रिक्षा थांबली नाही. साठी उलटून नऊ-दहा वर्षं झालेला माणूस भर उन्हात धावत निघाला होता.

घराचं दार सताड उघडं. मास्तरीणबाई गच्चीच्या जिन्यावरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होत्या.

"तू... तू गेली नाहीस?" मास्तर धापा टाकत म्हणाले.

"कुठे?"

"भावाकडे. कार्डावर लिहिलंस ना."

"ते होय? जाऊन आले की. मागच्या महिन्यात. चांगले दहा दिवस राहिले."

मास्तर पायरीवरच बसले. "मग दहा दिवस मला जेवायला कोण घालत होतं?"

"वन्सं आल्या होत्या. तुमची सख्खी बहीण. त्यांनाही रोज 'अगं, चहा' म्हणत होतात. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या."

एवढ्यात आतल्या घड्याळाचे ठोके पडले. पाच. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मेलो! प्रूफं तिथेच राहिली. मशीन सुरू झालं असणार. गॅस, छत, खारट भाजी, सगळं तसंच छापलं जाणार. तीनशे प्रती!"

बाईंनी एक टॉवेल घडी केला, दुसरा घेतला, तोही नीट घडी केला.

"छापू द्या," त्या म्हणाल्या. "कुणीतरी वाचेल तरी."