कडूबांचं कानातलं

कडूबांना ऐकू कमी येतं हे अख्ख्या पिंपळगाव रेणुकाईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कडूबांना! त्यांचे कान म्हणे ठणठणीत होते, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलत होती. याला अपवाद एकच. बायकोनं, झुंबरबाईंनी, कानातल्या सोन्याच्या कुड्यांचा विषय काढला, की कडूबा स्वतःहून ठार बहिरे व्हायचे आणि आभाळाकडे बघत, "हां, पडंल पडंल, आज ना उद्या पडंल," असं पावसाबद्दल काहीतरी बोलून मोकळे व्हायचे. बिचाऱ्या बाईंचा कुड्यांचा विषय असा कैक वर्षं पावसात वाहून जात होता.

पण मग सर्जेरावांचं प्रकरण झालं. गावातले सर्जेराव पडलेल्या चेहऱ्यानं सांगायला आले, की आपली म्हैस गेली. कडूबांनी ऐकलं, म्हैस व्याली! त्यांनी सर्जेरावांच्या पाठीवर थाप मारली, लई चांगलं झालं म्हणाले, आणि वर खरवस धाडून द्यायला सांगितलं. सर्जेराव समोरचा चहा तसाच ठेवून उठून गेले. ही बातमी जालन्याला मुलाच्या, हरिओमच्या कानावर गेली आणि त्यानं वडिलांना "चार दिवस राहायला" म्हणून बोलावून थेट कानाच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणून सांगितलं. किंमत ऐकून कडूबा खुर्चीतून अर्धे उठले. गंमत म्हणजे, किंमत त्यांना मशीनशिवाय बराबर ऐकू आली!

"एवढ्यात दुभती गाय येती," ते म्हणाले.

"गाय तुम्हाला सर्जेरावकाका काय म्हणले ते सांगंल का?" हरिओमनं विचारलं.

कडूबा पुन्हा खुर्चीत टेकले. पैसे मी देतो असं मुलगा म्हणत होता, पण कडूबांचा ताठा आडवा आला. आपल्या कानाचा खर्चा आपणच करणार, म्हणून त्यांनी यंदाच्या कापसाचे पैसे काढून दिले. मशीन कानांत बसलं आणि पहिल्यांदा त्यांना आपल्याच चपलांचा करकर आवाज ऐकू आला. परतीच्या एसटीत प्रत्येक खिडकी वेगळ्या सुरात खडखडत होती, मागच्या बाकावर कुणी शेंगा फोडत होतं. एरवी डोकं उठलं असतं, पण कडूबा लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते. गाईनं एवढं सुख दिलं नसतं, असं त्यांनी स्वतःशी कबूलही केलं.

घराच्या फाटकाशी पोचले तर आतून बायकांचा आवाज. कडूबा थबकले. नवे कान लावून बाहेरून ऐकायची मजा काही औरच होती.

आत झुंबरबाई शेजारच्या गोजरबाईला रंगवून सांगत होत्या. सकाळी सुनेचा, शीतलचा फोन आलता. रेंज नव्हती, मधेमधे तुटत होतं, पण मतलबाचं बराबर कळलं: "आत्याबाई, मामांनी कानातलं घेतलं, दोन्ही कानांचं, महागातलं!"

कडूबा फाटकाआड सरकले. शीतल म्हणाली असणार, 'मामांना कानातलं मशीन घेतलं'. त्यातलं मशीन रेंजनं खाल्लं, 'मामांना'चं 'मामांनी' झालं, आणि गावभर कान शाबूत म्हणून मिरवणाऱ्या झुंबरबाईंच्या दारात सोनं येऊन पडलं!

"तोंडानं कधी बोलणार न्हाईत," आत झुंबरबाई सांगत होत्या, "पण माझं मन राखलं बाई. सगळ्या कापसाचे पैसे घातले म्हणं."

कडूबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्या पावली जालन्याला परतावं, असंही एकदा मनात आलं. शेवटी त्यांना जुनाच मार्ग सुचला. त्यांनी मशीनं काढली, डबीत घातली, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बहिरे होऊन आत गेले.

पण बायकोच्या नजरेला डबी दिसायला कान कशाला लागतात? झुंबरबाईंनी हसत हसत खिशात हात घातला. कडूबा पावसाबद्दल काहीतरी पुटपुटले, पण तोवर डबी उघडली होती. आत भिजलेल्या वालाएवढी दोन मशीनं. घाईत ती बंद करायची राहिली होती, त्यामुळं झुंबरबाईंनी मूठ मिटताच मुठीतून बारीक शिट्टी सुरू झाली.

"कानातलं शिट्टी मारून राह्यलं की ओ," गोजरबाई म्हणाली. नव्या फॅशनचं असेल, असा तिचा अंदाज. झुंबरबाईंनी एक कानाला लावूनही पाहिलं. लोंबेना, चमकेना, नुसतं कुंई कुंई करी! मग त्यांची नजर डबीवरच्या चित्राकडं गेली. त्यावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा कानामागं बोट दाखवून हसत होता.

गोजरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तो उतरताना बघणं कडूबांना अजिबात सोसेना. त्यांनी मुकाट्यानं बायकोच्या हातातून मशीनं घेतली आणि कानांत बसवली.

"मला वाटलं माझ्यासाठी आणलं," झुंबरबाई म्हणाल्या.

हळू म्हणाल्या. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, अशी त्या घराची कैक वर्षांची रीत. आज त्यांनी ओरडायचं सोडून दिलं होतं, कारण सांगून उपयोग नव्हता. लग्नाच्या वेळी होता तसाच मऊ आवाज होता तो. हे एवढं ऐकायला मिळालं, इथंच मशीनचे पैसे फिटले, असं कडूबांना वाटलं.

"पुढच्या कापसाला तुला कुड्या घिऊ," ते खाली बघत, ओठातल्या ओठात म्हणाले.

झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एक हात कानामागं धरला आणि गोजरबाईकडं एक नजर टाकली.

"आं? काय म्हणले? मला ऐकू न्हाई आलं."

"कुड्या घिऊ म्हणलं."

"जरा जोरात बोला. गोजरबाईला बी नीट कळू द्या."

आता सुटका नव्हती. कडूबांनी छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. आणि आपण काय कबूल करून बसलो, ते दुभत्या गाईच्या किमतीच्या त्या मशीननं त्यांच्या दोन्ही कानांत बिलकुल स्वच्छ ऐकवलं!