चारुदत्तचं मत अजून ठरलेलं नाही

मतदाराला किंमत असते ती त्याचं मत ठरेपर्यंतच, हे लोकशाहीचं मूलतत्त्व आहे. मत ठरलेल्या माणसाकडे कोणी फिरकत नाही. एका बाजूला तो हातचा वाटतो, दुसऱ्या बाजूला हाताबाहेर गेलेला. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ परिसर महाराष्ट्र मंडळाच्या घटनेत हे तत्त्व लिहिलेलं नाही, म्हणूनच ते तिथे काटेकोरपणे पाळलं जातं.

या मंडळाचं अध्यक्षपद आजवर वार्षिक सभेला सगळ्यात उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात पडत असे. (वेळेवर आलेले नकार देऊन मोकळे झालेले असत.) यंदा मात्र चक्क तिघांना अध्यक्ष व्हायचं होतं. कार्यकारिणी भांबावली. तेव्हा चार वर्षं अमेरिकेत काढून आलेल्या अभिनवने ‘प्रायमरी’ सुचवली. आधी मतदान घेऊन तिघांतून एक उमेदवार निवडायचा, मग त्याने खरी निवडणूक लढवायची.

“कोणाविरुद्ध?” मागून कोणीतरी विचारलं.

“ते बघू नंतर,” अभिनव म्हणाला. ठराव एकमताने मंजूर झाला.

चारुदत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारती भूकंपात उभ्या राहतील की नाही, हे तपासणं त्याचं काम. असा माणूस देखणी गोष्ट बघतो तेव्हा ती कुठून पडेल हे त्याला आधी दिसतं. त्यामुळे मंडळातल्या बाकी सगळ्यांची मतं महिन्याभरात ठरली, तरी चारुदत्तचं ठरेना.

उमेदवार तिघेही तोलामोलाचे होते. वनिताताईंचं वचन एकच: कार्यक्रम दिलेल्या वेळी सुरू होईल. (विरोधकांच्या मते हा संस्कृतीवर हल्ला होता.) बांधकामाच्या धंद्यातला संग्राम मंडळाची स्वतःची वास्तू उभारणार होता, तिचा नकाशा त्याच्या गाडीत कायम असे. आयटीतला क्षितिज सभेची सुरुवात “किया ओरा, नमस्कार” अशी माओरी आणि मराठी दोन्हींत करायचा आणि मंडळासाठी अ‍ॅप काढणार होता.

“अ‍ॅपमध्ये असेल काय?” चारुदत्तने त्याला विचारलं.

“हीप्स ऑफ थिंग्ज, दादा,” क्षितिज म्हणाला. “आता आपण फक्त व्हिजन लाँच करतोय.”

चारुदत्तने संग्रामचा नकाशाही नीट पाहिला. “इमारत दुमजली आहे, पण जिना दिसत नाही.”

“जिना दुसऱ्या टर्ममध्ये,” संग्राम म्हणाला.

चारुदत्तची बायको स्नेहलता हिने मात्र भाजी चिरता चिरता निकाल लावला. “माझं मत वनिताताईंना. जेवणाआधी भाषणं नाहीत म्हणाल्यात.” मुलगी ऋग्वेदा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “जस्ट पिक वन, डॅड.”

पण ज्याचं ठरलेलं नाही असा मतदार मंडळात आता एकच उरल्याने लोकशाहीचा सगळा भार त्याच्या घरावर आला. संग्राम येऊन गवत कापून गेला. वनिताताई खव्याच्या पोळ्या घेऊन आल्या, आणि तेही सांगितलेल्या वेळेला. क्षितिजने वायफाय दुरुस्त केलं. (ते बिघडलेलं नव्हतं, दुरुस्तीनंतर दोन दिवस बंद होतं.) शिवाय प्रत्येकाचे समर्थक, समर्थकांची कुटुंबं, आणि कुटुंबांना भेटायला भारतातून आलेले आईवडील. शनिवार-रविवार घरात चपलांचा आणि इथे ज्यांना जँडल्स म्हणतात त्या स्लिपरांचा ढीग पडू लागला.

या धामधुमीत चारुदत्तचं मत वनिताताईंकडे झुकू लागलं. तो तसं चहा पिता पिता वडिलांना म्हणाला. बाळासाहेब कराडच्या एसटी आगारातून निवृत्त झालेले. सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आले होते.

“घाई करू नकोस,” बाळासाहेब म्हणाले. “बाई वक्तशीर आहेत, मान्य. पण वक्तशीर माणूस हट्टी निघतो. संग्रामचंही ऐकून घे एकदा.”

संग्रामचं ऐकून घेतलं. तेव्हा बाळासाहेब म्हणाले, “जिना नाही ही गोष्ट लहान नाही. त्या क्षितिजला बोलव परत.” क्षितिज येऊन गेल्यावर त्यांना वनिताताईंवर अन्याय होतोय असं वाटू लागलं. हे चक्र तीन वेळा फिरलं, आणि वडिलांची राजकीय समज इतकी सखोल असेल याची चारुदत्तला कल्पनाच नव्हती.

एका शनिवारी तो इस्त्रीचं टेबल आवरायला मागच्या खोलीत गेला, तर बाळासाहेब आरशासमोर उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि हातात पुसलेला चष्मा. पाहुणे यायला अजून बराच वेळ होता.

चारुदत्त दारातच थांबला. आगारात रोज शेकडो माणसांशी बोललेला हा माणूस इथे आल्यावर पहिला दीड महिना फक्त टीव्हीशी आणि शेजारच्या मांजराशी बोलला होता. टेकडीवरच्या त्या रस्त्यावर लोक दिसायचे ते गाडीच्या काचेतून हात हलवताना. प्रायमरी लागली, आणि घराची बेल वाजू लागली.

“आज कोणाची पाळी?” बाळासाहेबांनी विचारलं.

“संग्रामची,” चारुदत्त म्हणाला. मग इस्त्रीचं टेबल मिटता मिटता म्हणाला, “माझं अजून काही ठरत नाहीये, बाबा.”

“नाहीच ठरायचं एवढ्यात,” बाळासाहेब खुशीत म्हणाले.

चारुदत्तचं मत त्या क्षणी वनिताताईंसाठी पक्कं ठरलं होतं. पण अधिकृतरीत्या तो मतदानाच्या सकाळपर्यंत कुंपणावर बसून राहिला, आणि तिथून आपल्या बाजूला उतरावं म्हणून त्याला सगळ्यांनी भरपूर खाऊ घातलं.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये झालं. बाहेर वारा असा, की प्रचाराचे फलक पार स्टेशनपर्यंत गेले आणि तिथल्या प्रवाशांनाही विचार करायला लावून आले. वनिताताई चांगल्या फरकाने निवडून आल्या. एक मत बाद झालं. त्यावर ‘तिघेही चांगले आहेत, भांडू नका’ असं लिहिलं होतं.

पुढच्या शनिवारी बेल वाजली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाळासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले, मग जरा वेळाने तो बदलून आले. “उन्हात मळतो उगाच,” म्हणाले.

चारुदत्तने दोन दिवस विचार केला. (त्याच्या मानाने हा अविचार होता.) मग त्याने खऱ्या निवडणुकीसाठी वनिताताईंविरुद्ध अर्ज भरला.

“तुझं मत तर त्यांनाच आहे ना?” स्नेहलताने विचारलं.

“अजूनही त्यांनाच आहे. पण घरोघर फिरायला काहीतरी निमित्त हवं ना.”

तिने एकदा सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग त्यांनाच प्रचारप्रमुख कर.”

प्रचार अभूतपूर्व होता. बापलेक संध्याकाळी एकेका घरी जात. चारुदत्तकडे वचन एकही नव्हतं, म्हणून तो गप्प बसे. बाळासाहेबांनी कुठेच मत मागितलं नाही. ते विचारत, “गाव कुठलं तुमचं?” आणि त्यावर तास दीड तास सहज जाई. त्यांच्यासारखेच मुलांकडे आलेले आईबाप आतल्या खोल्यांतून बाहेर येत, फराळाचे डबे उघडत, निघताना पुन्हा या म्हणत. पुन्हा जायचं, तर मतदान दोनदा पुढे ढकलावं लागलं. दोन्ही वेळा विनंती खुद्द वनिताताईंच्या सासूबाईंनी केली.

चारुदत्त प्रचंड बहुमताने निवडून आला. त्याने स्वतःचं मत वनिताताईंना दिलं होतं, आणि त्यांना मिळालेल्या मोजक्या मतांत ते होतं. सासूबाईंचं मत कोणाला गेलं, हे वनिताताईंनी विचारलं नाही.

मावळते अध्यक्ष शिरीषराव यांनी टाळ्यांच्या गजरात त्याच्या हातात हॉलची किल्ली ठेवली. “कार्यक्रम संपला की खुर्च्या रचायच्या, दिवे बंद करायचे, किल्ली शाळेच्या पेटीत टाकायची.”

“आणि बाकीचं काम?”

“बाकीचं काय? घटनेत अध्यक्षाला एवढंच काम आहे. कार्यक्रमाची वेळ शाळा ठरवते, वास्तूचा विषय विश्वस्तांचा, आणि अ‍ॅपचं तर मला आजच कळतंय.”

नवे अध्यक्ष खुर्च्या रचायला लागले. बाळासाहेबांनी चार समवयस्क मदतीला घेतले. ते एक खुर्ची उचलत, तिच्यावर बसत आणि गप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. हॉल रिकामा व्हायला फार उशीर झाला. घाई कोणालाच नव्हती.

वाचकहो, वक्तशीरपणा, वास्तू आणि अ‍ॅप यांतून तुम्हीही एव्हाना मनात एक उमेदवार निवडला असेल. तो कोण, हे कोणी विचारणार नाही. मतदान गुप्त असतं. मात्र अध्यक्षाला काम काय असतं, हा प्रश्न शिरीषरावांनी सांगेपर्यंत तुमच्याही डोक्यात आला नव्हता. संकोच नसावा. मतदारयादीत तुमचं नाव याच पात्रतेवर आलेलं आहे.